आधी बोला, मग हात सोडा

नमस्कार श्रोतेहो.

येत्या शनिवारी आणि रविवारी आपल्या नागपुरात बोर्ड गेमची स्पर्धा आहे. ज्यांनी नावं दिली आहेत ते ऐकत असतील, आणि त्यांच्या घरची माणसंही. ऐन मे महिन्यात सुट्टीचे दोन दिवस ही मंडळी टेबलाशी बसून काय करणार, हा प्रश्न त्यांनाही पडला असेल. घरात सापशिडी, ल्युडो, नवा व्यापार खेळून झालेलंच असतं, म्हणून अगदी पहिल्यापासून सांगत नाही. स्पर्धेला जाताना घरून काय तयारी करून निघायचं, तेवढंच बोलू.

पहिली गोष्ट. घरचे नियम घरी ठेवून या. कटान बहुतेकांना ठाऊक आहे. जर्मनीच्या क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ १९९५ साली आला. ते दंततंत्रज्ञ होते. कृत्रिम दात बनवण्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर काम करायचे आणि उरलेल्या वेळात खेळ रचायचे. पटाच्या फरशांवर आकडे असतात, दोन फाशांची बेरीज येईल त्या फरशीशेजारी ज्याचं घर, त्याला तिथलं पान मिळतं. अशी लाकूड, विटा, मेंढ्या, गहू आणि दगडांची पानं गोळा करायची, रस्ते आणि घरं बांधायची, जो आधी दहा पॉइंट करेल तो जिंकला. आता घरी काय होतं? लहान मुलं असतात म्हणून आपण ठरवतो की पहिल्या दोन फेऱ्यांत चोर, म्हणजे दुसऱ्याचं पान ओढून नेणारी सोंगटी, आणायचा नाही. स्पर्धेत पहिल्याच फाशाला सात पडला तरी चोर हलतो, आणि ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पानं आहेत त्याला निम्मी टाकावी लागतात. घरी कोणीही कोणाशी कधीही सौदा करतो. स्पर्धेत ज्याची पाळी आहे त्याच्याशीच सौदा होतो. कार्कासोन हा फरशा जोडून गावं-शेतं रचायचा खेळ खेळणाऱ्यांनी शेतांचे पॉइंट कसे मोजणार ते आधी विचारून घ्या. जुन्या आणि नव्या आवृत्तीत ते वेगळे आहेत, आणि घरी तर अनेक जण शेतं मोजतच नाहीत. तेव्हा शुक्रवारी रात्री रूलबुक काढा आणि एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असं मोठ्याने वाचा. मनात वाचताना डोळा ओळखीच्या ओळींवरून घसरतो. कानाला मात्र नको ती ओळ गाळता येत नाही.

दुसरी गोष्ट. डाव हातून गेला असं वाटलं तरी शेवटपर्यंत नीट खेळा. बहुतेक स्पर्धांत आधी किती डाव जिंकले ते पाहतात, आणि बरोबरी झाली की एकूण पॉइंट. हरलेल्या डावातला आठवा पॉइंट रविवारी दुपारी तुम्हाला उपांत्य फेरीत नेऊ शकतो. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. त्या दिवशी या शहरात ज्यांनी बुद्धिबळाचा पट कधी उघडला नव्हता तेही मोबाइलला डोळे लावून बसले होते. पटावरच्या खेळाला या गावात मान आहे, श्रोतेहो. तो वाढावा असं मला मनापासून वाटतं.

इथे मनातलं एक बोलून घेतो. सावंतवाडीत आजही हाताने रंगवलेली गंजिफा मिळते. दशावतारी गंजिफेची दहा रंगांची १२० गोल पानं असतात, प्रत्येक रंग एका अवताराचा. ही आपली पानं, आणि आपल्यातल्या किती जणांनी ती हातात घेतली आहेत? जर्मनीचे खेळ मी आवडीने खेळतो, तुम्हीही खेळा. पण अशा प्रत्येक स्पर्धेत एक टेबल गंजिफेचं आणि एक सारीपाटाचं असावं, हे माझं म्हणणं आहे आणि मी ते आयोजकांना दर वर्षी सांगतो.

असो. खाण्यापिण्याचं. सकाळी तर्री पोहा खाऊनच याल, खायलाच हवा. तर्रीत चणे दिसले पाहिजेत. नुसता लाल रस्सा ओतून दिला तर त्याला मी तर्री पोहा म्हणत नाही. पण खाल्ल्यावर हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. तर्रीचा एक ठिपका पानाच्या पाठीवर पडला की ते पान टेबलावरच्या सगळ्यांना ओळखू येतं, आणि पाठीवरून ओळखू येणारं पान खेळातून बादच. संत्रा बर्फी डब्यातून आणा, पण मधल्या सुट्टीत खा. उन्हाचं तुम्हाला मी काय सांगावं? दुपट्टा, पाण्याची बाटली, पन्हं. मेट्रोने या, दोन्ही लाइन सीताबर्डीला मिळतात. आणि वेळेवर या. आपल्याकडे दहाचं बोलावणं म्हणजे साडेदहा अशी समजूत आहे. चौघांच्या टेबलावर एक जण अर्धा तास उशिरा आला की तिघांचा अर्धा तास जातो, त्याची भरपाई कोण करणार?

आता तिसरी गोष्ट. मला मुख्य सांगायची आहे ती हीच. प्रत्येक चाल आधी तोंडाने बोला, मग हात सोडा. पुन्हा सांगतो. आधी बोला, मग हात सोडा. हे मी कोणाकडून शिकलो ते सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिनाच होता, असंच एक सभागृह, आणि मी कटानच्या अंतिम टेबलावर पंच म्हणून उभा होतो. टेबलावर चौघं. अजनीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी. आठवीतली एक मुलगी. आणि महालातल्या एक काकू.

या काकू पहिल्या फाशापासून बोलत होत्या. "आठ पडला. काका, तुमचे दोन दगड. बाळ, तुझी एक वीट. मला काही नाही." रस्ता ठेवताना, "एक लाकूड, एक वीट देते, इथून इथपर्यंत रस्ता." मग कुठे तुकड्यावरचा हात सुटायचा. स्वतःचं बोलायच्या, दुसऱ्याचंही बोलायच्या. अर्ध्या तासाने तो विद्यार्थी मला म्हणाला, "सर, ह्या काकू पूर्ण टाइम बोलूनच राहिल्या. विचार कसा करायचा?" मी काकूंजवळ गेलो आणि म्हणालो, "जरा हळू बोलता का?" त्या "हो" म्हणाल्या आणि त्यांनी आवाज खाली आणला. बोलणं मात्र थांबलं नाही.

सव्वा तास झाला. काकांचे नऊ पॉइंट. त्यातले दोन सर्वांत लांब रस्त्याचे, सहा तुकड्यांचा त्यांचा रस्ता होता. मुलीचे आठ, काकूंचे सात, विद्यार्थ्याचे सहा. आणि वीज गेली.

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात वीज गेल्यावर काय होतं, तुम्हाला माहीत आहे. पाच मिनिटांत अंगाला धारा लागल्या. काकांनी हातातली पानं टेबलावर पालथी ठेवली आणि चष्मा पुसायला काढला. विद्यार्थ्याने पानं ठेवून बाटली उचलली. काकूंनी पदराने चेहरा पुसायला पानं खाली ठेवली. तेवढ्यात कोणीतरी भल्या मनाने भिंतीजवळचा मोठा कूलर ढकलत टेबलाकडे वळवला, वीज आल्यावर खेळाडूंना वारा लागावा म्हणून. त्याचं बटण चालूच होतं.

वीज आली आणि कूलर एकदम पूर्ण वेगाने सुटला. पटाच्या जाड फरशा तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. पानं उडाली. बँकेतली उडाली, तिघांच्या हातची उडाली, खुर्च्यांखाली, प्रेक्षकांच्या पायांत, पार दारापर्यंत. पानं शाबूत राहिली ती एका मुलीच्या मुठीतली आणि काकांनी चष्म्याच्या डबीखाली ठेवलेली विकासाची, म्हणजे जिनसांची पानं देऊन विकत घेतलेली, दोन.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पंच मी होतो. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. डाव पुन्हा पहिल्यापासून खेळवायचा, किंवा आहेत ते पॉइंट धरून निकाल द्यायचा. मी दुसरं बोललो. काकांचे नऊ, काका विजेते.

काका म्हणाले, "काहून भाऊ? नऊ म्हणजे दहा होते का?"

आणि काकू म्हणाल्या, "थांबा. कोणी पानं उचलू नका. मला आठवते."

श्रोतेहो, पुढची वीस मिनिटं मी विसरणार नाही. ठरलं असं की ज्याने त्याने आपली पानं सांगायची आणि काकूंनी ती झालेल्या डावाशी जुळवायची. काकू सुरुवात करायच्या शेवटच्या सातापासून, कारण तेव्हा सगळ्यांनी पानं मोजून सांगितली होती. तिथून एकेक फासा त्यांनी म्हणून दाखवला. कोणता आकडा पडला, कोणाला काय मिळालं, कोणी काय बांधलं. विद्यार्थ्याची पानं जुळली. त्याने चोराच्या हातून काकूंचं एक पान ओढलं होतं, ते कोणतं हे त्या दोघांनाच माहीत. तो आपणहून म्हणाला, "मेंढी होती." काकू म्हणाल्या, "हो, मेंढीच."

मग काकांची पाळी. काका म्हणाले, "दोन दगड, एक गहू, एक मेंढी. बस." काकू क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "नाही काका, गहू दोन आहेत तुमचे. पाच पडला तेव्हा दोन मिळाले, त्यातला तुम्ही एकच दिला. आणि एक आधीचा होता."

कटान खेळणाऱ्यांना हे ऐकून काय वाटलं असेल ते मला कळतं. बाकीच्यांसाठी सांगतो. घराचं शहर करायला तीन दगड आणि दोन गहू लागतात, आणि शहर झालं की एक पॉइंट वाढतो. काकांचे नऊ होते. दोन दगड, दोन गहू. एक दगड मिळाला की काका जिंकले. काका विसरले होते, त्यांनी स्वतःच एक गहू म्हटलं होतं. काकू गप्प राहिल्या असत्या तर कोणालाच कळलं नसतं. त्यांनी समोरच्या माणसाच्या हातात त्याचा गहू परत ठेवला.

मग सगळी पानं गोळा करून मोजली. कटानमध्ये पाच जिनसांची प्रत्येकी १९, म्हणजे ९५ पानं असतात. भरली ९४. एका आजीबाईंच्या दुपट्ट्याच्या घडीत पंचाण्णवावं पान सापडलं, गव्हाचंच होतं. सभागृहात टाळ्या पडल्या. कूलर भिंतीकडे वळवला आणि डाव पुढे सुरू झाला.

पाळी मुलीची होती. सहा पडला, तिला लाकूड मिळालं, वीट हातात होतीच. तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "एक लाकूड, एक वीट, माझ्या रस्त्याचा सातवा तुकडा." आणि मग हात सोडला. लांब रस्त्याचे दोन पॉइंट काकांकडून तिच्याकडे गेले, आठाचे दहा झाले. काकांनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नंतर चहा घेताना मी काकूंची माफी मागितली. हळू बोला म्हणालो होतो ना. त्या म्हणाल्या, सवयच आहे हो. काचबिंदूने त्यांच्या सासूबाईंची नजर गेली आहे. दोघी रोज दुपारी सारीपाट खेळतात. कवड्या सासूबाई टाकतात, किती पडल्या ते काकू सांगतात, सोंगट्या काकू हलवतात आणि अख्खा पट सासूबाईंच्या डोक्यात असतो. त्यांच्या घरचा एकच नियम, आणि तो सासूबाईंनी घातलेला. आधी बोला, मग हात सोडा.

मी रेडिओवर बोलणारा माणूस. तुम्ही मला पाहू शकत नाही, जे आहे ते शब्दांतूनच तुमच्यापर्यंत पोचतं. तरी हे मला त्या टेबलापर्यंत सुचलं नव्हतं. समोरच्याला दिसत नाही असं धरून चाल बोलली की ती चौघांच्या लक्षात राहते, मग वारा येवो की वाद होवो.

थोडं राहिलं ते पटकन सांगतो. घरातल्या चार स्टीलच्या वाट्या पिशवीत टाका. दोन सोंगट्या ठेवायला, दोन पानांवर पालथ्या घालायला. कूलरच्या झोतातलं टेबल मिळालं तर बदलून मागा, मागायला संकोच नको. झोत नसला तरी कूलरची दमट हवा असतेच. कागद ओल धरतो आणि पानं वाकतात, तेव्हा स्वतःचा खेळ आणणार असाल तर पानांना स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पारदर्शक पिशवी, घाला. फाशांचं गणित ज्यांना हवं त्यांच्यासाठी, दोन फाशांच्या ३६ शक्यता, त्यांत सहाच्या पाच, आठच्या पाच, दोनाची एक आणि बाराची एक. पहिलं घर कुठे ठेवायचं ते त्यावरून ठरवा. शनिवारी रात्री लवकर झोपा.

आणि हो, त्या काकूंनी यंदाही नाव दिलं आहे. या वेळी सासूबाई सोबत येणार आहेत. टेबलाजवळ एक हाताची खुर्ची ठेवायला आयोजकांना सांगितलंय, कूलरपासून लांब. त्या टेबलावर तुमचा नंबर लागला तर चाल जरा मोठ्याने बोला. आजी ऐकत असतील.

नमस्कार.