गाडी जळाली, पॉलिसी फुल होती, तरी क्लेम का अडकला?

ही वायर बघा. थांबा, कॅमेऱ्याजवळ आणतो. टोकाला मोहरीएवढा तांब्याचा मणी दिसतोय? वायरमध्ये करंट असताना शॉर्ट झालं की तांबं वितळून असा मणी धरतो. ही वायर आमच्या दाजींच्या गाडीची आहे. नाशिकला गंगापूर रोडवर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती. रात्री अकराला बॉनेटमधून धूर निघाला आणि बंब येईपर्यंत पुढचा भाग गेला.

पॉलिसी फुल होती, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरणारी. तरी महिन्याभराने विमा कंपनीचं पत्र आलं: विद्युत बिघाडाचं नुकसान पॉलिसीत बसत नाही. दाजी म्हणाले, "अरे, आग लागली हे काय मी स्वप्नात पाहिलं?"

आता तुमच्या पॉलिसीचा कागद काढा. पीडीएफ असेल तर झूम करा, अक्षर मुद्दाम मुंगीएवढं असतं. पहिल्याच कलमात लिहिलंय: आग, स्फोट, आपोआप पेट घेणं, वीज पडणं याचं नुकसान आम्ही भरू. थोडं खाली या. झीज, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल बिघाड, हे देणार नाही. सगळं भांडण या दोन ओळींत आहे. उभी गाडी आपोआप पेटते ती बऱ्याचदा वायरिंगमुळेच. त्यालाही बिघाड म्हणून नाही म्हणायचं, तर मग 'आपोआप पेट घेणं' छापलं कशाला? माझ्या मते सरळ अर्थ असा: बिघडलेली वायर तुमच्या खर्चाची, पण तिच्यामुळे आग लागून जे जळालं ते कंपनीनं द्यायचं. आणि अपवाद लागू होतो हे सिद्ध करायचं ओझंही कंपनीवरच असतं.

दाजींच्या केसमध्ये सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्या माणसाने, आणखी एक मेख मारली होती. बाहेरून बसवलेले फॉग लॅम्प. त्यांचं वायरिंग कापून जोडलं, म्हणून आग, असं त्याचं म्हणणं. इथे भाचीनं वाचवलं. गाडी टोईंगवर चढवायच्या आधी तिनं मोबाईलवर बॉनेट उघडून वीस-पंचवीस फोटो काढले होते. फॉग लॅम्पची वायर डाव्या बाजूने गेलेली, तिचं वेष्टण नुसतं काळवंडलेलं. मणी मात्र उजवीकडे, बॅटरीजवळच्या, गाडीसोबतच आलेल्या मूळ वायरवर. ते फोटो आणि अग्निशमन दलाचा शिंगाडा तलावावरून आणलेला दाखला जोडून आम्ही कंपनीच्या तक्रार विभागाला पुन्हा लिहिलं.

सीएनजीवाल्यांनी मात्र कान टवकारा. किट बाहेरून बसवलं असेल तर पेठ रोडला आरटीओत आरसीवर नोंद करा, आणि नंतर पॉलिसीवरही. दुसरी नोंद लोक विसरतात. गाडी पेटली की पहिला प्रश्न तोच येतो, आणि तिथे मीही तुमच्या बाजूने फार बोलू शकणार नाही.

टू-व्हीलरवाले तर वेगळ्याच गैरसमजात असतात. "पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे ना." सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा काढावा लागतो तो थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा. स्वतःच्या गाडीचं कव्हर, म्हणजे ओन डॅमेज, बऱ्याच पॉलिसींत एकाच वर्षाचं असतं. पार्किंगमधल्या गाड्या टवाळखोरांनी जाळल्याच्या बातम्या आपल्याकडे येतच असतात. ते नुकसान ओन डॅमेजमध्ये बसतं, एफआयआर करा म्हणजे झालं. पण ते कव्हरच संपलं असेल तर राखच उरते.

कंपनीनं अंतिम नकार दिला, किंवा तक्रारीला महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. नाशिककरांसाठी कार्यालय पुण्यात. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा वाद चालतो, पण नकारानंतर वर्षाच्या आत जा. नाहीतर आपलं जिल्हा ग्राहक आयोग. तिथे मुदत दोन वर्षं, आणि हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. म्हणजे आपल्यासारख्यांना शून्यच.

दाजींना तेवढं लांब जावं लागलं नाही. दुसऱ्या पत्रानंतर क्लेम मंजूर झाला. पण झिरो डेप, म्हणजे पार्ट जुने झाले म्हणून पैसे न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं नव्हतं, आणि बॉनेटखाली असतं काय, प्लास्टिक, रबर, बॅटरी. या सगळ्यावर 50 टक्के घसारा कापला. क्लेम मिळाला ते दाजी विसरले, बॅटरीचे अर्धे पैसे गेले ते दर रविवारी ऐकवतात.