समुद्रातील चांदणी ओळखताना

नमस्कार श्रोतेहो.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकाही जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही दहावीचे विज्ञान अलीकडे शिकलेल्या मुलांना हर्डमानिया हे नाव पाठ असते. कंचुक नावाच्या चिवट आवरणात गुंडाळलेला, एका नळीने पाणी आत घेणारा आणि दुसऱ्या नळीने बाहेर सोडणारा तो प्राणी एकएकटा राहतो. आज मी बोलणार आहे ते त्याच्या वसाहत करून राहणाऱ्या भाऊबंदाविषयी आणि तो ओळखायचा कसा, याविषयी. त्याचे शास्त्रीय नाव बोट्रिलस श्लोसेरी.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. एका अभ्याससहलीत रत्नागिरीजवळ ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या दोरावर जांभळट रंगाचा, बोटभर रुंदीचा एक बुळबुळीत थर दिसला. आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ही बुरशी आहे का?" दुसऱ्याने तो स्पंज ठरवला. दोघांचीही चूक क्षम्य होती, कारण अठराव्या शतकातील मोठे अभ्यासकही येथेच फसले होते. श्लोसर या डच वैद्याने इंग्लंडच्या किनाऱ्यावर आढळलेल्या अशाच थराचे वर्णन केले आणि १७६६ मध्ये पालास याने त्याला श्लोसरचे नाव दिले खरे, पण बसवले ते मऊ प्रवाळांच्या पंगतीत. ही संयुक्त ॲसिडियन प्राण्यांची, म्हणजे हर्डमानियाच्याच गटातील पण एकत्र राहणाऱ्या प्राण्यांची, वसाहत आहे, हे १८१६ मध्ये साविन्यी या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या काटेकोर विच्छेदनानंतर शास्त्राला पटले.

बोट्रिलस हे नाव द्राक्षांच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले आहे. जालना जिल्ह्यातील कडवंचीच्या द्राक्षबागा पाहिलेल्या श्रोत्यांना घड सहज डोळ्यांपुढे येईल, परंतु मला विचाराल तर येथे वाड्याची उपमा अधिक नेमकी बसते. जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असत, प्रत्येकाचे दार स्वतंत्र असे आणि सांडपाण्याची मोरी मात्र एकच असे. या वसाहतीतील एकेक प्राणी, ज्याला आपण जीवक म्हणू, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या सुमारे निम्मा असतो. साधारण पाच ते बारा जीवक चांदणीच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले असतात. प्रत्येकाचे मुख पाकळीच्या बाहेरच्या टोकाकडे उघडते आणि सर्वांचे वापरलेले पाणी मध्यभागी असलेल्या एकाच सामाईक छिद्रातून बाहेर पडते. अशा अनेक चांदण्या पारदर्शक, जेलीसारख्या एकाच कंचुकात रुतलेल्या असतात. या कंचुकात सेल्युलोज असते. कापसाच्या धाग्यात असणारा हा पदार्थ प्राण्याच्या अंगावर आढळावा, याचे मला आजही नवल वाटते.

या बिऱ्हाडांमध्ये केवळ मोरीच सामाईक आहे असे नाही. प्रत्येक जीवकाला स्वतःचे हृदय असले, तरी कंचुकातून फिरणाऱ्या रक्तवाहिन्यांचे जाळे साऱ्या वसाहतीचे मिळून एकच असते, आणि हृदयाचे ठोके काही मिनिटे एका दिशेने रक्त ढकलून मग दिशा उलटी करतात. वसाहतीच्या कडेला या वाहिन्यांची फुगीर, बोटांसारखी टोके दिसतात. शेजारच्या दोन वसाहती वाढत वाढत एकमेकींना भिडल्या, की ही टोके प्रथम स्पर्श करतात आणि नाते पारखले जाते. ठरावीक जनुकाची निदान एक प्रत सारखी असेल तर रक्तवाहिन्या जुळून दोन्ही वसाहती एक होतात. नसेल तर त्या जागी काळपट ठिपके पडून पेशी मरतात आणि मध्ये सीमा आखली जाते. आपल्याकडे बांधावरून भांडतात ते बहुधा सख्खे. येथे सख्खे मिसळतात आणि परके भांडतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही जाती ओळखायची कशी? पहिली गोष्ट, रंगावर जाऊ नये. एकाच जातीच्या वसाहती पिवळ्या, नारिंगी, तपकिरी, जांभळ्या किंवा जवळजवळ काळ्या असू शकतात आणि नमुने टिकवण्यासाठी वापरतात त्या फॉर्मॅलीनमध्ये ठेवल्यावर रंग उडून जातो. त्याऐवजी हलकेच बोट लावून पाहावे: स्पंज सहसा खरखरीत लागतो आणि तसाच राहतो, तर येथे स्पर्श गुळगुळीत असतो आणि छिद्रे लगेच आवळली जातात.

मग मांडणी पाहावी. गोल किंवा लांबट चांदणी असेल तर बोट्रिलसचा संशय घ्यावा. जीवक वळणावळणाच्या दुहेरी रांगांत उभे असतील तर तो बहुधा त्याचा जवळचा नातलग बोट्रिलॉइडिस असतो. मात्र दाटीवाटीच्या वसाहतीत चांदण्या दबून वेड्यावाकड्या होतात, म्हणून शेवटचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच करावा लागतो. कल्लाविदरांच्या, म्हणजे घशाच्या भिंतीतील पाणी गाळणाऱ्या फटींच्या, ओळी मोजाव्यात. बोट्रिलस श्लोसेरीमध्ये त्या साधारणपणे आठ-नऊ असतात आणि दुसरी ओळ पाठीच्या मध्यरेषेपर्यंत पोचत नाही. जठरावर उभ्या घड्या असतात. सर्वांत भरवशाची खूण जननग्रंथींची आहे: बोट्रिलसमध्ये अंडाशय वृषणाच्या पुढच्या बाजूस असते, तर बोट्रिलॉइडिसमध्ये ते मागच्या बाजूस असते. डायडेम्नम या दुसऱ्या एका ॲसिडियन गटाच्या पांढरट थरांशी गल्लत होण्याची शक्यता वाटली, तर कंचुकाचा कण काचपट्टीवर दाबून पाहावा. डायडेम्नममध्ये बहुधा चुनखडीच्या ताऱ्यांसारख्या सूक्ष्म कंटिका सापडतात, बोट्रिलसमध्ये त्या नसतात.

या खुणा शाबूत ठेवायच्या असतील तर नमुना थेट फॉर्मॅलीनमध्ये टाकू नये, कारण जीवक क्षणात आक्रसतात आणि मग ओळी मोजणे अशक्य होते. नमुना समुद्राच्या पाण्यात ठेवून वर मेंथॉलचे खडे पसरावेत आणि स्पर्श केल्यावरही छिद्रे मिटेनाशी झाली, की मगच तो टिकवण्याच्या द्रावणात घालावा. द्रावण आम्लधर्मी असेल तर कंटिका विरघळतात आणि डायडेम्नम ओळखणे अवघड होते. ही चूक माझ्या हातून पहिल्याच वर्षी झाली होती.

नमुना कोणत्या दिवशी घेतला, यालाही महत्त्व आहे. अठरा ते वीस अंश तापमानात सुमारे दर आठवड्याला वसाहतीतील सारे प्रौढ जीवक एकाच वेळी विरून जातात आणि त्यांच्या कुशीतून वाढलेल्या कळ्या त्यांची जागा घेतात. त्या एक-दोन दिवसांत वसाहत मेल्यासारखी मरगळलेली दिसते, आतील अवयव ओळखू येत नाहीत आणि नवशिका माणूस नमुना खराब झाला असे समजून फेकून देतो.

एवढे सगळे करूनही खात्री होतेच असे नाही. बोट्रिलस श्लोसेरी या एका नावाखाली जनुकीयदृष्ट्या वेगळे असे अनेक गट असल्याचे दिसून आले असून, त्यांपैकी एकाला २०२० मध्ये बोट्रिलस गाये या नावाने स्वतंत्र जाती म्हणून मान्यता देण्यात आली. बाहेरून पाहणाऱ्याला ती चांदणी तशीच दिसते. त्यामुळे रत्नागिरीहून आणलेल्या आमच्या बरणीवर विद्यार्थिनीने उत्साहाने जातीचे पूर्ण नाव लिहिले होते, ते मी खोडायला लावले. आता त्या चिठ्ठीवर जागा, तारीख, पाण्याची खोली आणि 'बोट्रिलस गट' एवढेच शब्द आहेत.

नमस्कार.