दुखणं थांबलं, दाढ बरी झाली नाही

(सोलापुरात विडी आणि यंत्रमाग कामगारांसमोर एका दंतवैद्यांनी केलेलं भाषण, संपादित)

भगिनींनो आणि बंधूंनो, आज मी फक्त दाढेतल्या तात्पुरत्या सिमेंटबद्दल बोलणार आहे.

दाढ ठणकते, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून तुम्ही दवाखाना गाठता. डॉक्टर कीड कोरतात, नस काढायला घेतात, औषध ठेवून वर सिमेंट भरतात आणि पुढच्या आठवड्यात बोलावतात. ठणका थांबतो. मग कितीतरी जण परत फिरकत नाहीत. विड्या वळून द्यायच्या असतात, मागावरची पाळी असते. दुखत नसताना मजुरी कोण बुडवणार? तुमची अडचण खरी आहे. पण दाढ हातची जाते ती याच दिवसांत.

ठणका थांबला, कारण आतला दाब मोकळा झाला आणि नस मेली किंवा निघाली. मेलेली नस दुखत नाही. जंतू मात्र मुळाच्या नळीत शिल्लक असतात.

या सिमेंटला लवंगेचा वास येतो, कारण बऱ्याचदा त्यात झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल असतं, आणि लवंगेच्या तेलात मुख्य तेच. पुढच्या खेपेला सहज काढता यावं म्हणून ते मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. आयुष्य काही आठवड्यांचं. साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडी असेल तरच ते नीट बंद राहतं. त्यावर आपण कडक भाकरी मोडतो, शेंगा फोडतो. एक कोपरा उडाला तरी लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात. म्हणून कोपरा उडाला की तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी या.

नाही आलात तर मुळाच्या टोकाशी पू साठतो. कधी हिरडीवर पुळी येते, फुटते, तोंडात खारट चव येते आणि बरं वाटतं. ती पुळी म्हणजे पुवाने काढलेली वाट; आतलं गळू तसंच असतं. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने सूज उतरते, पण मेलेल्या नसेत रक्त फिरत नाही, मग गोळी तिथं पोचणार कशी? सूज परत येते. साखरेचा आजार असेल तर ती फार लवकर पसरते.

खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्यात खोलवर असतात. तिथला संसर्ग जिभेखाली आणि गळ्यात उतरू शकतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1836 मध्ये या आजाराचं वर्णन केलं; आजही त्यात श्वास कोंडून माणूस दगावतो. हनुवटीखाली सूज, तोंड उघडत नाही, थुंकी गिळवत नाही, ताप आहे, आवाज बदललाय, यातलं काही दिसलं तर सकाळ होऊ देऊ नका. रात्रीच सिव्हिलला न्या. गालाला बाहेरून गरम शेक देऊ नका.

आता पैशाचं. रूट कॅनॉल, म्हणजे नस काढून मुळाची नळी साफ करून भरणं, आणि दाढेवरची कॅप परवडणार नसेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. अर्धवट सोडलेल्या दाढेपेक्षा काढलेली दाढ कधीही बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि काढायची वेळ आली तर आपल्या सिव्हिलमध्येही चौकशी करा.