नेट बदला, पण आधी नंबरचं ठरवा
(परभणीतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. टेलिफोनच्या तारांच्या कामात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे गल्लीत कुणाला कंपनी बदलायची असली की माणूस आधी माझ्याकडे येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मोबाइलसारखा लँडलाइनचा नंबर पोर्ट करून मिळतो का हो?’

मिळत नाही. आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून ती आधी सांगतो. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. १९०० वर मेसेज टाकला, कोड आला, काम झालं. लँडलाइनला आपल्याकडे ही सोय नाही. परभणीचा कोड ०२४५२, त्यापुढे सहा आकडे. संभाजीनगरचा ०२४०, पुढे सात. कोडनंतरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कॉल कुठल्या कंपनीच्या कुठल्या एक्स्चेंजकडे न्यायचा ते ठरतं. दोनने सुरू होणारा नंबर दिसला की तो बीएसएनएलचा, हे जुन्या माणसाला लगेच कळतं. नवी कंपनी फायबरसोबत, म्हणजे काचेच्या तंतूतून येणाऱ्या नेटसोबत, फोन देते, पण तो स्वतःचा नवा नंबर देऊन. ‘तुमचा जुनाच नंबर चालू करून देतो’ असं दारावर आलेला पोरगा म्हणाला, तर त्याला ते कागदावर लिहून मागा.

एक वाट मात्र आहे, आणि ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. तुमचा फोन बीएसएनएलचा तांब्याच्या तारेवरचा असेल आणि गल्लीत बीएसएनएलचंच फायबर आलेलं असेल, तर त्यावर जाताना जुना नंबर बहुतेक वेळा कायम ठेवता येतो. हे फायबर गावोगावी बरेचदा केबलवाल्यासारख्या स्थानिक भागीदाराकडून ओढलं जातं, त्यामुळे ऑफिसात अर्ज करताना ‘नंबर हाच ठेवायचा आहे’ हे स्पष्ट लिहा आणि भागीदारालाही तोंडी सांगा. नवं कनेक्शन म्हणून अर्ज गेला की नवा नंबर पडतो आणि मग निस्तरत बसावं लागतं.

लोक कंपनी का बदलतात, हे मला कळतं. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार कर्मचारी एका दिवसात स्वेच्छानिवृत्तीनं बाहेर पडले. खांबावर चढणारी, कोणत्या पेटीत कुणाच्या फोनच्या तारांची जोडी आहे हे तोंडपाठ असलेली माणसं त्यात गेली. तार सडली तर बघणार कोण? लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण बदलायचं ठरलंच, तर नंबर आणि नेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजूनच कामाला लागा.

आधी नंबर. घरातल्या लँडलाइनवर आता कोण फोन करतं, असं तुम्ही म्हणाल. एक करा, फोनशेजारी वही ठेवा आणि पंधरा दिवस आलेला प्रत्येक फोन लिहून काढा. वसमत रोडवरच्या एका दवाखान्यात आम्ही हे करून पाहिलं. डॉक्टरांचा अंदाज होता की पेशंट मोबाइलवरच फोन करतात. वहीत निघाले ते जिंतूर, सेलू, पाथरीकडचे जुने पेशंट. त्यांच्याकडच्या फाइलीवर दहा वर्षांपूर्वी छापलेला नंबर होता आणि ते तोच लावत होते. त्या फाइली परत मागवून नंबर बदलता येत नाही. अशा ठिकाणी मी सरळ सांगतो : नेट हव्या त्या कंपनीचं घ्या, पण जुना फोन अगदी कमी भाड्याच्या योजनेवर चालू ठेवा.

ज्यांना तो बंदच करायचा आहे, त्यांनी बंद करण्याआधी महिनाभर त्यावर कॉल फॉरवर्डिंग घ्यावं आणि येणारे फोन मोबाइलवर वळवावेत. फोन करणाऱ्या प्रत्येकाला तिथल्या तिथे नवा नंबर सांगता येतो. बँक, एलआयसी, गॅस एजन्सी, पतसंस्था इथली नोंद मात्र आपणहून बदलून घ्यावी लागते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय हा फोन काढू नका. पुण्याला दिलेल्या लेकीला आईचा हाच एक नंबर पाठ असतो, आईलाही रिसीव्हर उचलून बोलणंच जमतं, आणि मोबाइल घेऊन दिला तरी तो बहुतेक वेळा कपाटात चार्जिंग संपून पडलेला असतो.

आता नेट. इथे नियम एकच : नवं चालू झाल्याशिवाय जुनं तोडू नका. दोन्ही कनेक्शनं निदान पंधरा दिवस एकाच वेळी चालू द्या. एका महिन्याचं भाडं जास्त जातं, हे मान्य. पण नवीन माणूस ‘उद्या येतो’ म्हणून आठ दिवस येत नाही, आणि तेवढ्यात पोराच्या सीईटीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख उजाडते. घरी नेट नसलं की सेतू केंद्रासमोर रांगेत उभं राहायचं. म्हणून तारीखही बघून निवडा. फॉर्मचे दिवस टाळा, पीकविम्याची मुदत संपत आलेला आठवडा टाळा. खांबावरून वायर ओढायची असेल तर भर पावसाळाही टाळलेला बरा. आणि उसाचा हंगाम विसरू नका. उंच भरलेली ट्रॉली रस्त्यात खाली लोंबणाऱ्या फायबरला अडकते आणि सगळ्या गल्लीचं नेट एका झटक्यात जातं. वायर रस्ता ओलांडून येत असेल, तर ती किती उंचीवरून येते ते स्वतः उभं राहून बघा.

नव्या कंपनीला वेगापेक्षा आधी एक प्रश्न विचारा : फायबर माझ्या घरात येणार, की गल्लीतल्या स्विचपर्यंतच, म्हणजे घरोघरी नेट वाटणाऱ्या यंत्रापर्यंतच? पुष्कळ ठिकाणी फायबर कोपऱ्यावरच्या कुणाच्या तरी गच्चीवर संपतं, तिथे डब्यात स्विच असतो आणि पुढे साधी लॅन केबल येते. त्या स्विचला वीज लागते. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी त्या गच्चीवरची लाइट गेली की तुमचं नेट गेलं. खरं फायबर असेल, तर खांबावरच्या त्या छोट्या डब्यात फक्त प्रकाश वाटणारी काच असते, तिला वीज लागतच नाही. लोडशेडिंगच्या गावात हा फरक पन्नास एमबीपीएस की शंभर, यापेक्षा फार मोठा आहे. शेजाऱ्याकडे तेच कनेक्शन असेल तर रात्री नऊच्या सुमारास त्याच्या घरी जाऊन बघा. गर्दी तेव्हाच असते, सकाळचा वेग काही सांगत नाही.

फोनचंही तसंच. जुन्या तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून, अठ्ठेचाळीस व्होल्टची, त्याच तारेतून यायची. गावभर अंधार असला तरी फोन लागायचा. फायबरवरच्या फोनचं तसं नाही. भिंतीवरचा फायबरचा डबा बंद, तर फोनही बंद. घरात आजारी माणूस असेल तर त्या डब्यासाठी छोटा यूपीएस घ्या, नाहीतर तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. हे काम कनेक्शन बसवतानाच करून घ्या. फोन बसला की मोबाइलवरून त्यावर फोन लावून बघा, आणि त्यावरून मोबाइलला लावून बघा. मोबाइलला लावताना आधी शून्य दाबायचं, हा १५ जानेवारी २०२१ पासूनचा नियम आहे. ‘नवा फोन लागत नाही’ या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आतल्या खोलीतला जुना एक्स्टेंशन, म्हणजे त्याच लाइनवरचा दुसरा फोन, याच घरातल्या वायरिंगवर चालवायचा असेल, तर बाहेरून येणारी जुनी लाइन आधी सुटी करायला सांगा. दोन्ही एकत्र जोडलेल्या चालत नाहीत.

नवा राउटर आला की त्याला जुन्याच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. अक्षरं, त्यातली कॅपिटल-स्मॉल, स्पेस, सगळं तंतोतंत. मग टीव्ही, फोन, प्रिंटर, कॅमेरे एकेकाला हात न लावता आपोआप जोडले जातात. जुना राउटर मात्र त्या वेळी बंद ठेवा. दुकानाचा सीसीटीव्ही बाहेरगावून बघत असाल किंवा स्टॅटिक आयपी, म्हणजे कधी न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेतला असेल, तर ते नव्या कनेक्शनवर चालेल का हे पैसे भरण्याआधी विचारा. आणि ज्यांचा ईमेल पत्ता इंटरनेट कंपनीच्याच नावाचा आहे, त्यांनी तो आधी बदलावा. कनेक्शनबरोबर तो पत्ताही जातो, आणि बँकेची पत्रं त्यावरच येत असतात.

शेवटी जुनं बंद करणं. बिल भरायचं सोडून दिलं की कनेक्शन आपोआप सुटतं, असा पुष्कळांचा समज आहे. बिल चढत राहतं आणि नंतर वसुलीची नोटीस येते. लेखी अर्ज करा, शेवटचं बिल जोडा, मोडेम परत द्या. मोडेम दिल्याची पोच घ्या, त्यावर त्याचा सिरीयल नंबर असावा. अनामत रक्कम कोणत्या खात्यावर परत हवी तेही अर्जात लिहा. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, टिपून ठेवा. कॉल सेंटरनं दाद दिली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथे हाच नंबर विचारतात. ट्राय, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे पत्र पाठवून वाट बघू नका. ग्राहक आयोगाकडे मात्र जाता येतं. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

बँकेत ऑटो-पे लावलेला असेल, तर तो शेवटचं बिल चुकतं झाल्यावर, पण पुढचं बिल निघायच्या आत बंद करा. दोन्ही पावत्या, मोडेमची आणि शेवटच्या बिलाची, अनामत परत खात्यावर जमा होईपर्यंत एकाच पिशवीत ठेवा.