आडोसा कुंपणाला नको, खुर्चीला हवा

(एका बागप्रेमी मंडळातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘जुन्या सामानातून अंगणातला आडोसा’. म्हणजे स्क्रू कुठे मारायचा ते सांगणं आलं. सांगतो. पण आडोशाची वेळ का येते हे बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, आणि माईक माझ्या हातात आहे.

आमचं कोथरूडचं घर बैठं. शेजारचंही बैठंच होतं. त्याचं पुढे काय झालं हे इथे सांगायला नको. निम्मी मंडळी त्याच अनुभवातून गेली आहेत आणि उरलेली निम्मी तसल्याच नव्या इमारतींत राहतात. (हशा) आता माझ्या अंगणावर बाल्कन्या ओणवल्या आहेत. सकाळी बनियनवर पेपर घेऊन बसलो की दुसऱ्या मजल्यावरून हाक येते, “काका, शब्दकोडं सुटलं का?” सुटलेलं नसतं. मग तिसऱ्या मजल्यावरून उत्तर येतं, आणि ते बरोबर असतं, हे जास्त लागतं. हिने कुरडया वाळत घातल्या, तर “यंदा कमी केल्यात वाटतं?” अशी चौकशी झाली. बरं, माणसं इतकी चांगली की भांडायचीही सोय नाही.

एका वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, 1882चा सुविधाधिकार कायदा काढ, कलम 18. त्याखाली दिलेलं एक उदाहरणच असं आहे की, शेजाऱ्याच्या खाजगीपणावर गदा येईल अशी नवी खिडकी उघडायची नाही ही एखाद्या गावची रूढी असेल, तर शेजाऱ्याला तसा हक्क मिळतो. मी हरखलो. तो म्हणाला, “थांब. रूढी तुला सिद्ध करावी लागेल.” आता दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही ही पुण्याची रूढी आहे, असं शपथेवर सांगणारा साक्षीदार मी आणू कुठून? (हशा, टाळ्या)

असो. कोर्ट बाद, म्हणून आडोसा. इथे जो तो पहिल्यांदा कुंपणाकडे धावतो. भिंतीवर पत्रे ठोक, हिरवी जाळी ताण. माझं म्हणणं एवढंच आहे की, बघणारा वर असेल तर कुंपणावरचा आडोसा फुकट. हिशेब सोपा आहे. तुम्ही खुर्चीत बसलात, डोकं जमिनीपासून चार फुटांवर. बघणारा तुमच्यापासून तीस फूट लांब आणि डोक्याच्या तीस फूट वर. म्हणजे नजर पंचेचाळीस अंशांत उतरते. कुंपण दहा फुटांवर असेल, तर आडोसा चौदा फूट उंच लागेल. तोच खुर्चीपासून दोन फुटांवर आणा, सहा फुटांत काम होतं. अख्खं अंगण झाकायचा हट्ट सोडा, बसायची जागा झाका.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपल्या वाराभाराच्या मानकात, आयएस 875च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय. ढोबळ हिशेबाने चौरस मीटरला नव्वदेक किलो दाब. सहा बाय सहाच्या सपाट पत्र्यावर तीनशे किलोंचा रेटा! वळवाच्या पावसात पत्रे उडतात ते उगाच नाही. म्हणून फटी ठेवायच्याच. वारा जाऊ द्यायचा, नजर अडवायची...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अध्यक्ष कुरडयांच्या वेळी हसत होते, तेव्हा नाही दिली. तर आता भराभर.

वाडे पाडताना निघालेल्या सागवानी खिडक्यांच्या झडपा शोधा, तिरप्या पट्ट्यांच्या. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, पाडकामवाल्यांकडे विचारा. लावताना पट्टीची बाहेरची कड खाली हवी. वरून येणारी नजर अडते आणि पाऊसही बाहेर पडतो. उलटी लावलीत तर वरच्यांना सगळं दिसेल आणि पाणी तुमच्या पेपरवर.

झडपा नाही मिळाल्या तर पॅकिंगची पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी चौकट. त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का बघा. शेजारी ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवून निर्जंतूक केलेलं, घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, ते सोडा.

जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा निघाला की सुताराचं पातं जातं, आणि पुढच्या वेळी सुतार येत नाही. जुना रंग कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावर नव्वद पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद) मर्यादा आली 2017च्या नोव्हेंबरात, त्याआधीच्या थरांत काय असेल भरवसा नाही. ओला करून खरवडा, तोंडाला मास्क बांधा, नातवंडांना लांब ठेवा.

खांब मात्र लाकडी नकोत, वाळवी सोडत नाही. भंगारातले दीड इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी, पाइप घ्या, दोन फूट खोल काँक्रीटमध्ये बसवा, काँक्रीटला वरून उतार द्या म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. लाकूड जमिनीपासून चार बोटं तरी वर ठेवा.

शेवटी जवसाच्या तेलाचा हात. आणि हे नीट ऐका, तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा. बाकीचं चहाच्या वेळी विचारा, हॉल आठला रिकामा करायचाय.