अळी हलत नाहीये? थांबा, हात लावू नका!

नमस्कार मंडळी! आज थेट मुद्द्यावर येते, कारण फुलपाखरांच्या अळ्या वाढवणाऱ्यांचा कमेंटमध्ये सारखा एकच प्रश्न येतोय, "ताई, अळी कालपासून हलत नाहीये, खात पण नाहीये, मेली का?" आणि यातल्या बऱ्याच जणांनी ती अळी उचलून ताज्या पानावर ठेवली आणि मग विचारलंय. म्हणून हा व्हिडिओ.

बेसिक पटापट सांगते, तुम्हाला माहितीच आहे. फुलं असली की फुलपाखरं येतात, पण अंडी घालतात ती अळीला चालणाऱ्या झाडावरच. लिंबू, कढीपत्ता असेल तर लाइम बटरफ्लाय, बांधावर रुई असेल तर प्लेन टायगर, कण्हेर किंवा तगर असेल तर तो मोठा हिरवा हॉक मॉथ, म्हणजे पतंग. शेताचा एक कोपरा बिनफवारणीचा ठेवा, अंडी दिसली की त्या फांदीलाच बारीक जाळीची पिशवी बांधा, बांधायच्या आधी आत कोळी-मुंग्या नाहीत ना बघा, लेंड्या रोज झटका, एका पिशवीत गर्दी करू नका. झालं.

आता मेन गोष्ट. अळी वाढते पण तिची कातडी तेवढी ताणत नाही, म्हणून तिला कात टाकावी लागते. लाइम बटरफ्लायची अळी साधारण ४ वेळा टाकते आणि पाचव्या वेळी आतून कोषच निघतो. प्रत्येक वेळी आधी ती खाणं थांबवते, पानावर रेशमाची एक पातळ गादी विणते आणि मागच्या पायांचे बारीक आकडे त्या गादीत रुतवून बसून राहते, कधी अर्धा दिवस, कधी दिवसभर, थंडीत त्याहून जास्त. मोजा काढताना कुणी टोक धरलं की पाय कसा सटकन निघतो, तसंच आहे हे, गादी जुन्या कातडीचं टोक धरून ठेवते आणि अळी पुढे सरकत बाहेर येते. तुम्ही तिला उपटलंत की टोक धरायला कोणीच नाही.

मी हे केलंय. पहिल्याच वर्षी रुईचं पान सुकायला लागलं म्हणून ३ अळ्या चिमटीत धरून नव्या पानावर ठेवल्या. त्यातल्या एकीची कात अर्ध्यावर अडकली, अंगाभोवती दोरा आवळल्यासारखी, दुसऱ्या दिवशी पुढचा भाग ठीक आणि मागचा काळा पडलेला. मला अजून वाईट वाटतं त्याचं, कारण तिला काहीही झालेलं नव्हतं, ती फक्त थांबली होती.

मग ओळखायचं कसं? भिंग घ्या, डोक्याच्या मागे बघा. कात टाकायच्या आधी तिथे मानेवर फुगवटा येतो, कारण नवीन मोठं डोकं जुन्याच्या मागे तयार होत असतं. कात पडली की जुन्या डोक्याची टोपी खाली सापडते, खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आणि बऱ्याचदा अळी स्वतःची कात खाऊन टाकते. मेलेली अळी अशी नसते, ती लिबलिबीत होते, काळपट पडते, लोंबते, वास येतो. पान सुकत असेल तर अळीला नाही, पानाला कात्री लावा, अळीसकट तुकडा कापा आणि नव्या फांदीवर अडकवा. तिला वाटलं की ती स्वतः चालत जाईल.

हेच कोषाच्या वेळी. एकाने लिहिलंय, "ताई, अळीला जुलाब झालेत आणि आता एका जागी बसलीये." जुलाब नाहीत हो! कोषात जायच्या आधी ती पोट रिकामं करते, मग लाइमची अळी कमरेला रेशमाचा पट्टा बांधते, प्लेन टायगरची उलटी लटकते. अशा वेळी पिशवी हलवून बघू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. हॉक मॉथचं मात्र उलटं, ती हिरवी अळी तपकिरी पडते आणि खाली उतरून पळत सुटते. तिला सारखं उचलून पानावर ठेवणारे आहेत, प्लीज नको, तिला माती आणि पालापाचोळा हवाय, डब्यात ४-५ बोटं ओलसर माती आणि वर पाला टाका, बास.

अजून एक, यावर माझं दरवेळी भांडण होतं. "केमिकल नको म्हणता, मग कडुनिंबाचा अर्क तर चालेल ना, सेंद्रिय आहे." नाही चालणार! त्यातलं अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य कात टाकायच्या हार्मोनमध्येच गडबड करतं. म्हणजे अळी गादी विणून बसते आणि कात निघतच नाही, बाहेरून तुम्हाला वाटतं ती शांत बसलीये. किडीवर ते काम करतं याचं एक मोठं कारण हेच आहे, आणि तुमची अळी आणि कोबीवरची अळी यात अर्काला फरक कळत नाही. बीटीची, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूची फवारणी पण नको, ती अळ्यांसाठीच बनवलीये. नवीन रोप आणलंत तर कोणती औषधं मारली होती ते विचारा, काही औषधं रोपाच्या आत भिनतात, पानं धुवून जात नाहीत.

ही बघा, या कढीपत्त्याच्या पानावर, पक्ष्याची विष्ठा वाटते ना, ती अळी आहे. सकाळपासून एक मिलिमीटर हललेली नाही, मान फुगलीये, दिसतंय का... थांबा, फोकस करते. हां. पिशवी परत बांधतेय, टोपी पडली की फोटो टाकते.