आठवं वचन

(दृश्य : शनिवारची रात्र. टेबलावर उघडी पुस्तकं, पिवळा दिवा, चष्मा पुसणारे हात.)

उद्याच्या प्रवचनाची तयारी चालू आहे. वसईतल्या एका धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, हे फादर. सकाळी पुष्कळ लोक ऐकायला बसणार आहेत, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली जाहीर सांगून ठेवलं होतं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर नको, लोकांना झोप लागते.

कशावर बोलायचं, हे फादर ठरवत नाहीत. ते या जाड पुस्तकात, वाचनग्रंथात, आधीच ठरलेलं असतं. कॅथोलिक चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं. येशूच्या चरित्राची चार पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं. त्यातलं पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहानाचं शुभवर्तमान सणासुदीला मधूनमधून येतं. आधी बहुधा जुना करार, मग स्तोत्र, मग प्रेषितांच्या पत्रातला उतारा आणि शेवटी शुभवर्तमान. आज रात्री मनिलातला धर्मगुरू आणि नायगावचा धर्मगुरू एकाच पानावर डोकं धरून बसलेले असतात. आवडीचा उतारा निवडून आपलंच म्हणणं रेटायची सोय यात नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

उतारा तोच असतो, पण त्या आठवड्यात जगात काय घडलंय, ते कुणाच्या हातात नसतं. ८ ऑक्टोबर २०२३चा रविवार घ्या. त्या दिवशीचं पहिलं वाचन जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचं, अध्याय पाचवा, मळ्याचं गाणं : देवानं न्यायाची वाट पाहिली, तर दिसला रक्तपात. आदल्याच दिवशी, ७ ऑक्टोबरला, इस्रायलमध्ये हल्ला होऊन युद्ध पेटलं होतं. वाचन कितीतरी वर्षं आधी ठरलेलं. फादरांना बातमी शोधायला जावं लागलं नाही.

(दृश्य : बावखल. पाण्यात केळीची सावली. पानवेली, सोनचाफ्याच्या टोपल्या.)

यशयाचं ते गाणं वसईकराला समजावून सांगावं लागत नाही. एकानं सुपीक टेकडीवर मळा केला. जमीन खणली, दगडगोटे वेचून काढले, उत्तम वेल लावला, राखणीला माळा बांधला, आणि फळाची वाट पाहिली. इथला बागायतदार हेच करत आला. समुद्र एवढा जवळ असून बागेला गोडं पाणी मिळतं, ते या बावखलांमुळे. पावसाचं पाणी इथं साठतं, मुरतं, आसपासच्या विहिरींना पाझर फुटतो. केळी, पान, फुलं, सगळं याच ओलीवर.

(दृश्य : रविवार सकाळ. चर्चच्या पायऱ्या, तांबड्या लुगड्यातल्या आज्या, गायनवृंद.)

घरी कादोडी किंवा वाडवळी बोली, वेदीसमोर मराठी. ही मराठी पूजा तशी अलीकडची. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते ६५ या काळात भरली, त्यानंतर लॅटिन मागे पडलं आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला. तोंड समोर आलं की बोलणंही समोरचंच होतं.

यशयाचं वाचन सातव्या वचनावर थांबतं. वाचक खाली उतरतो. पुढचं, आठवं वचन रविवारच्या वाट्याला येत नाही. त्यात म्हटलंय, जे घराला घर जोडतात आणि शेताला शेत लावत जातात, इतकं की दुसऱ्याला जागाच उरू नये, त्यांना धिक्कार असो. बायबलमधली नाबोथाची गोष्टही अशीच आडबाजूला. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. मग खोटे साक्षीदार उभे करून त्याला मारलं. राजांच्या पहिल्या पुस्तकातला हा उतारा दर दोन वर्षांनी, जूनच्या सुमारास, एका सोमवारी येतो. सोमवारी पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या पूजेला, चार म्हाताऱ्या माणसांपलीकडे कोण असतं? जमिनीचे व्यवहार करणारे तोवर विरार लोकलमध्ये चढलेले असतात.

(दृश्य : जुने अंक, कृष्णधवल छायाचित्रं.)

हे आठवं वचन आडबाजूतून बाहेर काढलं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. बायबल, चर्चमधली धुसफूस, निवडणुका, गुंडगिरी आणि पाणी यांवर ते एकाच दमात लिहीत. हरित पट्टा बिल्डरांसाठी मोकळा होऊ लागला तेव्हा हरित वसईची चळवळ उभी राहिली, आणि ते तिच्या अग्रभागी होते. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीला विरोधही झाला. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

(दृश्य : मनोऱ्याशेजारी उंच इमारती. टँकर. भराव टाकलेली जागा.)

२००९ साली चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. बरीच बावखलं बुजली. टँकर रोज धावतात.

(दृश्य : प्रवचन. फादरांचा चेहरा, मग बाकांवरचे चेहरे.)

चर्चमध्ये जमिनीचं बोलू नये, असं म्हणणारेही याच बाकांवर असतात. त्यांना नुसतं बिल्डरचे हस्तक म्हणून मोकळं होता येत नाही. मुलीचं लग्न, मुलाचं परदेशी शिक्षण, भावाभावांतली वाटणी, कारणं खरी असतात. नाबोथानं राजाला नकार दिला. इथं पुष्कळ नाबोथांनी स्वतःच सही केली. अहाबाला शिव्या घालणं सोपं; प्रवचन अवघड होतं ते इथं, कारण ऐकणारा अहाब नसतो. या ऐकणाऱ्याशी बोलायला यशया लागतो, आणि आठ मिनिटं कमी पडतात.

वाचन सातव्या वचनावर थांबवायचा नियम आहे. प्रवचन तिथं थांबवायचा नाही.

मत्तयच्या वर्षात यशयाचं हेच गाणं पुन्हा ४ ऑक्टोबर २०२६ला येतं. वार रविवार. बाकं भरलेली असतात.